उन्हाळी सुट्टीतील ऐतिहासिक कादंबरीवाचन : प्रकल्प नोंदी

१० मार्च

सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी सुट्टीत ऐतिहासिक कादंबरीवाचनाचा उपक्रम घ्यावा, असे आज इतिहास आणि मराठी या विषयांच्या शिक्षकांच्या बैठकीत ठरले. ग्रंथपालही बैठकीला होत्या आणि त्यांनी सुरुवातीलाच नेमका प्रश्न विचारला: ही पुस्तके मुलांनी गोष्ट म्हणून वाचायची की इतिहास म्हणून? बैठकीचा बराचसा वेळ या प्रश्नातच गेला, आणि तो सत्कारणी लागला असे मला वाटते.

पाठ्यपुस्तकात एखाद्या लढाईला एक परिच्छेद मिळतो. मुलाला साल कळते, सेनापती कळतो आणि निकालही कळतो, पण त्या सकाळी रणांगणावर उभ्या असलेल्या माणसांना निकाल ठाऊक नव्हता ही साधी गोष्ट त्या परिच्छेदातून पोहोचत नाही. चांगली कादंबरी वाचकाला त्या अनिश्चिततेत नेऊन उभे करते. माझ्या मते इतिहास शिकणाऱ्या मुलाला कादंबरीचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे. धोकाही तितकाच खरा आहे. कादंबरीकाराने पात्राच्या तोंडी घातलेले वाक्य मुले त्या ऐतिहासिक व्यक्तीचेच उद्गार म्हणून लक्षात ठेवतात आणि मोठेपणी भाषणांतून तसेच सांगतात. म्हणून उपक्रमाचा गाभा एका प्रश्नाभोवती ठेवायचे ठरले. गोष्ट आधी मनसोक्त वाचावी आणि वाचून झाल्यावर निवडक ठिकाणी थांबून विचारावे, ‘हे कशावरून?’

१४ मार्च

पुस्तकनिवडीचे निकष निश्चित केले. ज्या प्रसंगावर कादंबरी आहे, त्याविषयीचे एखादे तरी मूळ साधन मुलांना झेपेल अशा स्वरूपात हाती देता आले पाहिजे, ही अट सर्वांत वर ठेवली. बखरीचा उतारा, पत्र, शिलालेख, पोवाडा, उत्खननातील वस्तूचे छायाचित्र यांपैकी काहीही चालेल. सातवीच्या इतिहासाच्या पुस्तकात भौतिक, लिखित आणि मौखिक साधनांचा पाठ असतोच. त्या पाठाला सुट्टीत प्रत्यक्ष काम मिळावे, असा हेतू आहे. पृष्ठसंख्येचाही विचार करावा लागला, कारण सहाशे पानांचा ग्रंथ अर्ध्यावर सोडून दिलेल्या मुलाच्या मनात पुढे प्रत्येक जाड पुस्तकाविषयी अढी बसते.

२१ मार्च

आज पूर्ण वेळ सिंहगडाला दिला. हरि नारायण आपटे यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी १९०३ सालची. आपटे १९१९ मध्ये निवर्तले, त्यामुळे त्यांच्या लेखनावरील स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे आणि हवी ती प्रकरणे प्रती काढून मुलांना देता येतात. भाषा आजच्या मुलांना जड वाटेल, हे मराठीच्या शिक्षकांचे म्हणणे रास्त आहे. त्यावर उपाय म्हणून पहिली काही प्रकरणे वर्गात मोठ्याने वाचून दाखवायची. आपट्यांची लांबलचक वाक्ये डोळ्यांनी वाचण्यापेक्षा कानांनी ऐकताना पुष्कळ सोपी वाटतात.

या प्रसंगाची साधने एकमेकांशेजारी ठेवली की मुलांना काय शिकवायचे आहे ते आपोआप समोर येते. सिंहगडाची लढाई ४ फेब्रुवारी १६७० ची. कृष्णाजी अनंत सभासद यांची बखर त्यानंतर सुमारे पाव शतकाने, राजाराम महाराजांच्या काळात जिंजी येथे लिहिली गेली. तीत चढाईचे वर्णन अगदी थोडक्यात आहे: दोन निवडक मावळे रात्री कड्यावरून वानरासारखे चढून गेले, त्यांनी वर माळ (दोराची शिडी) लावली आणि मग तानाजी मालुसरे यांच्यासह बाकीचे लोक चढले. घोरपडीचा तेथे उल्लेखही नाही. यशवंती घोरपड येते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून, आणि मुलांना सर्वांत आधी आठवते ती तीच. महाराजांच्या उद्गारांचेही तसेच आहे. एक गड घेतला, पण एक गड गेला, या आशयाचे शब्द सभासदाने दिले आहेत. कादंबरीच्या शीर्षकामुळे घरोघरी पोहोचलेले वाक्य त्याहून वेगळे आहे. शिवाय तानाजींच्या बलिदानामुळे कोंढाण्याचे नाव सिंहगड पडले असे आपण सर्रास सांगतो, तर १६७० पूर्वीच्या पत्रव्यवहारातही सिंहगड हे नाव आढळते.

हे सगळे मुलांसमोर ठेवताना सूर कोणता असावा, याबद्दल आज बराच विचार केला. घोरपडीची कथा खोटी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण त्यातून मूल एवढेच शिकते की शिक्षकांना जास्त कळते. पोवाडा हेही साधनच आहे. लोकांनी या पराक्रमाकडे कसे पाहिले आणि त्यातील कोणती गोष्ट पिढ्यानपिढ्या जपली, हे पोवाडा सांगतो. कडा कसा चढला गेला या प्रश्नासाठी मात्र त्याचा आधार कच्चा आहे. एकाच साधनाला एका प्रश्नासाठी पक्के आणि दुसऱ्यासाठी कच्चे मानता येते, एवढे जरी सातवीच्या मुलाला उमगले तरी सुट्टी कारणी लागली.

२८ मार्च

दुसरे पुस्तक लोइस लोरी यांचे ‘नंबर द स्टार्स’ हे ठरले. ही कादंबरी १९८९ ची असून तिला १९९० मध्ये अमेरिकेतील बालसाहित्याचे न्यूबेरी पदक मिळाले. इंग्रजी सोपे आहे, पुस्तक आटोपशीर आहे आणि नायिका ॲनमारी दहा वर्षांची आहे. आठवीतील ज्यांना इंग्रजी वाचनाची सवय आहे, त्यांना ते मूळ इंग्रजीतूनच द्यावे. स्वामित्वहक्क कायम असल्यामुळे यातील पाने प्रती काढून वाटता येणार नाहीत. ग्रंथालयाने पुरेशा प्रती विकत घ्याव्यात, असे ग्रंथपालांना कळवले.

पार्श्वभूमी १९४३ च्या डेन्मार्कची आहे. जर्मनीने एप्रिल १९४० मध्ये डेन्मार्क व्यापला होता. तेथील ज्यू नागरिकांना पकडण्याचा बेत सप्टेंबर १९४३ च्या अखेरीस जर्मन अधिकारी गेऑर्ग डकविट्झ यांच्यामार्फत आधीच फुटला. त्यानंतर काही आठवड्यांत सात हजारांहून अधिक ज्यू लोकांना मच्छीमारांच्या होड्यांतून आणि इतर बोटींतून सामुद्रधुनीपलीकडे स्वीडनला पोहोचवण्यात आले. कादंबरीत ॲनमारी एका पुडक्यातून हातरुमाल घेऊन धावते. होडीची झडती घेणाऱ्या कुत्र्यांची वास घेण्याची शक्ती त्या रुमालाने तात्पुरती मारली जाते. वाचताना हा भाग हमखास कल्पित वाटतो. पण लेखिकेने पुस्तकाच्या शेवटी जोडलेल्या टिपणात सांगितले आहे की, वाळलेले रक्त आणि कोकेन यांचे मिश्रण लावलेले असे रुमाल खरोखरच वापरले गेले होते, आणि ॲनमारी व तिचे कुटुंब मात्र कल्पित आहे. सर्वांत अविश्वसनीय वाटणारा तपशील खरा आणि सर्वांत ओळखीचे वाटणारे घर कल्पित, असा हा उलटा अनुभव मुलांना यावा म्हणून पुस्तक देताना शेवटचे टिपण आधी वाचायचे नाही, अशी सूचना लिहून द्यायची आहे.

याच पुस्तकाच्या निमित्ताने आणखी एक गोष्ट तपासायला देता येईल. डेन्मार्कचे राजे दहावे ख्रिश्चन यांनी ज्यू प्रजेला पाठिंबा म्हणून स्वतःच्या कपड्यावर पिवळा तारा लावला, अशी कथा जगभर सांगितली जाते. डेन्मार्कमधील ज्यू लोकांवर तारा लावण्याची सक्ती कधी झालीच नव्हती, त्यामुळे ही कथा टिकत नाही. राजे कोपनहेगनच्या रस्त्यांवरून पहारेकऱ्यांशिवाय घोड्यावर फेरफटका मारत, हे मात्र खरे आहे आणि ते कादंबरीतही आहे.

२ एप्रिल

तिसऱ्या पुस्तकाबद्दल आमच्यात एकमत झाले नाही. रोझमेरी सटक्लिफ यांची १९५४ मधील ‘द ईगल ऑफ द नाइन्थ’ ही रोमन ब्रिटनवरील कादंबरी आपल्या अभ्यासक्रमापासून दूर आहे, हा आक्षेप मान्य आहे. तरीही ती राहावी असा माझा आग्रह आहे, कारण कादंबरी तीच राहते आणि तिच्या पायाखालचा इतिहास बदलतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही. रोमन सैन्याचे नववे दल इसवी सन ११७ च्या सुमारास ब्रिटनच्या उत्तरेत नाहीसे झाले, अशी तेव्हाची समजूत होती आणि कादंबरी तिच्यावर उभी आहे. पुढे या दलाचा शिक्का असलेली कौले नेदरलँड्समधील नायमेखन येथे मिळाली, आणि हे दल ब्रिटनमध्येच संपले हे गृहीत डळमळीत झाले. इंग्लंडमधील सिल्चेस्टर येथील उत्खननात १८६६ मध्ये सापडलेला कांस्य गरुडही लेखिकेला सैन्याचे मानचिन्ह वाटला होता. तो एखाद्या पुतळ्याचा भाग असावा, असे आता अभ्यासक मानतात. गरुड रेडिंगच्या संग्रहालयात आहे आणि त्याचे छायाचित्र मुलांना दाखवता येईल.

शेवटी हे पुस्तक ऐच्छिक ठेवले.

९ एप्रिल

रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’वर आज सविस्तर चर्चा झाली. १९६२ मधील ही कादंबरी आठवीच्या मुलांना भिडते, याचे एक कारण म्हणजे नायकाचे वय. माधवराव १७६१ मध्ये पानिपतच्या पराभवानंतर पेशवे झाले तेव्हा ते अवघे सोळा वर्षांचे होते आणि १७७२ मध्ये थेऊर येथे क्षयाने त्यांचा मृत्यू झाला तेव्हा सत्तावीस. निजाम, हैदर, कर्जाचा डोंगर आणि घरातच काका रघुनाथराव, एवढे सगळे एका तरुणाच्या खांद्यावर कसे आले हे पाठ्यपुस्तकाच्या दोन ओळींत समजणे शक्य नाही.

प्रश्न शेवटाचा आहे. माधवरावांच्या पत्नी रमाबाई सती गेल्या, हा इतिहास आहे. कादंबरी तो प्रसंग करुण आणि उदात्त रंगात रंगवते आणि तेरा वर्षांच्या मुलीने किंवा मुलाने तो वाचावा की नाही, यावर बैठकीत दोन मते पडली. पुस्तक यादीतून काढावे, असे एका सहकाऱ्यांचे म्हणणे होते. माझे मत वेगळे आहे. आपट्यांच्या कादंबरीतील कमलकुमारीच्या कथानकातही सतीचा विषय येतोच. तो टाळायचा तर निम्मे मराठी ऐतिहासिक वाङ्मय बाजूला ठेवावे लागेल. त्यापेक्षा मुलांनी प्रसंग वाचावा आणि त्यासोबत १८२९ च्या सतीबंदीच्या कायद्याची माहिती व राजा राममोहन रॉय यांनी त्यासाठी दिलेला लढा वाचावा. मग त्यांना विचारावे की, कादंबरीकाराने या प्रसंगात कोणाच्या नजरेने पाहिले आणि रमाबाईंच्या मनातले आपल्याला कळले ते कशावरून? अठराव्या शतकातील स्त्रीच्या मनात काय चालले होते हे विसाव्या शतकातील लेखकाने लिहिले आहे, हे ध्यानात आले की सौंदर्याने भारावून जाणे आणि विचार करणे या दोन्ही गोष्टी एकत्र करता येतात. अट एवढीच ठेवली की शेवटची प्रकरणे मुलांनी एकट्याने वाचून सोडून देऊ नयेत, त्यांवर प्रत्यक्ष चर्चा झालीच पाहिजे. ‘स्वामी’ फक्त आठवीसाठी ठेवले.

विश्वास पाटील यांचे ‘पानिपत’ पृष्ठसंख्येमुळे यादीत घेतले नाही. १४ जानेवारी १७६१ च्या दिवसाचे निवडक वर्णन मात्र शिक्षकांनी वाचून दाखवावे, असे सुचवले आहे.

१६ एप्रिल

वाचनवहीचा आराखडा तयार झाला. आधी प्रत्येक प्रकरणावर प्रश्न काढण्याची सूचना होती. ती स्वीकारली नाही. प्रकरणागणिक प्रश्न आले की मूल उत्तर शोधण्यासाठी वाचते आणि गोष्टीची लय तुटते. त्याऐवजी संपूर्ण पुस्तकातून मुलाने स्वतःला आवडलेले थोडेच प्रसंग निवडावेत आणि प्रत्येकासाठी वहीची समोरासमोरची दोन पाने वापरावीत. डाव्या पानावर प्रसंग स्वतःच्या शब्दांत लिहावा. उजव्या पानावर त्यातील कोणती गोष्ट साधनात सापडते, कोणती सापडत नाही पण संभवते, आणि कोणती साधनाच्या विरोधात जाते, हे लिहावे. त्याखाली एक प्रश्न सर्वांसाठी समान ठेवला आहे: या प्रसंगात हजर असूनही ज्याला एकही वाक्य मिळालेले नाही, असा माणूस कोण? पालखीचे भोई, तोफा ओढणारे बैलगाडीवान, मुदपाकखान्यातील माणसे आणि दूत, ही सगळी मंडळी कादंबरीत असतात आणि बोलत नाहीत.

साधनांचे उतारे मोठ्या अक्षरांत छापून घेतले. सभासदाच्या उताऱ्यातील अवघड शब्दांचे अर्थ समासात दिले आहेत.

२५ एप्रिल

पुस्तके आणि वह्या वाटल्या. पालकांसाठी एक पत्र सोबत दिले असून त्यात विनंती केली आहे की मुलांचे वाचन तपासू नये, मात्र मुले वाचून दाखवत असतील तर ऐकावे.

१२ मे

पहिली चर्चा-बैठक झाली. बऱ्याच वह्यांत डावे पान भरगच्च आणि उजवे पान रिकामे होते, आणि हे अपेक्षितच होते. गोष्ट सांगणे मुलांना येते. पुरावा तोलणे शिकवावे लागते. म्हणून एकच प्रसंग फळ्यावर घेतला. सिंहगडाच्या चढाईचे सभासदाचे वर्णन वाचले आणि त्यातून नक्की काय कळते ते मुलांकडूनच काढून घेतले. रात्र होती, दोन माणसे आधी गेली, माळ लावली, बाकीचे नंतर गेले. एवढेच. वारा होता का, कोणी घसरले का, तानाजी काय बोलले, यांतले काहीही तेथे नाही. सातवीतील एका मुलाने विचारले की मग एवढ्या चार वाक्यांवर एवढी मोठी कादंबरी कशी होते. या प्रश्नावर तासभर बोलता आले असते. मी त्याला एवढेच सांगितले की पुढच्या बैठकीत तूच ते करून पाहणार आहेस.

‘नंबर द स्टार्स’ वाचणाऱ्या मुलींनी रुमालाचा प्रसंग कल्पित म्हणून नोंदवला होता आणि शेवटचे टिपण वाचल्यावर उजवे पान खोडून पुन्हा लिहिले होते. खोडलेले तसेच ठेवायला सांगितले. आधी काय वाटले आणि कशामुळे मत बदलले, हे वहीत दिसले पाहिजे.

२६ मे

आजची बैठक या उपक्रमातील सर्वांत समाधानाची ठरली. सभासदाच्या त्याच चार वाक्यांवरून प्रत्येकाने अर्ध्या पानाचा प्रसंग लिहायचा आणि त्यात स्वतः घातलेल्या प्रत्येक गोष्टीखाली पेन्सिलीने रेघ ओढायची, असे काम दिले होते. काहींच्या पानावर रेघ नाही असे वाक्यच उरले नाही आणि ते स्वतःच चकित झाले.

एका मुलीने दुसऱ्या मावळ्याच्या नजरेतून लिहिले होते. पहिला वर पोहोचला आहे की नाही हे त्याला दिसत नाही, हाक मारता येत नाही, आणि तो अंधारात कड्याला हात लावून उभा आहे. तिने ‘अंधार’ या शब्दाखाली रेघ ओढली नव्हती. शेजारच्या मुलाने लगेच विचारले, रात्र होती हे बखरीत आहे, पण चांदणे नव्हते हे कशावरून? मुलीने उत्तर दिले नाही, पण ती ग्रंथालयातून तिथी शोधून आली. तानाजींचा स्मृतिदिन माघ वद्य नवमीला पाळला जातो. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास किंवा त्यानंतर उगवतो. म्हणजे चढाई रात्रीच्या पूर्वार्धात झाली असेल तर अंधार असणार, आणि उत्तररात्री झाली असेल तर चांदणे असणार. चढाईची नेमकी वेळ आपल्यापुढच्या उताऱ्यात नाही. तिने वहीत ‘अंधार’ हा शब्द ‘संभवते’ या भागात लिहिला आणि पुढे कारणही लिहिले.

इतिहासाचा अभ्यास म्हणून मला याहून अधिक काही अपेक्षित नाही. कादंबरीतील एक शब्द, त्यावर वर्गमित्राची शंका, तिथीचा आधार आणि शेवटी जेवढे सिद्ध होते तेवढेच विधान. हे तिने स्वतःहून केले, कारण तिला तो मावळा प्रिय झाला होता आणि त्याच्याबद्दल चुकीचे लिहायचे नव्हते. पाठ्यपुस्तकातील प्रश्नासाठी कोणी तिथी शोधायला गेले असते असे मला वाटत नाही.

३ जून

‘स्वामी’च्या शेवटावर आठवीची चर्चा झाली. मुले सुरुवातीला गप्प होती. मग एका मुलीने सांगितले की वाचताना रडू आले आणि नंतर रडू आल्याचा राग आला. दोन्ही भावना खऱ्या आहेत आणि दोन्ही लिहून ठेवाव्यात, असे मी तिला सांगितले. रमाबाईंचे स्वतःचे म्हणणे सांगणारे काही आपल्या उताऱ्यांत नाही, हे मुलांनी स्वतः शोधून काढले. एकाने सुचवले की शेवटचे प्रकरण रमाबाईंच्या दासीच्या नजरेतून लिहिले असते तर ते वेगळे झाले असते. तसे लिहून पाहण्यास त्याला सांगितले आहे. पुढील वर्षीही हे पुस्तक यादीत राहावे आणि चर्चेची अट कायम असावी, अशी शिफारस करत आहे.

१२ जून

वह्या जमा झाल्या. गुण द्यायचे नाहीत, हा सुरुवातीचा निर्णय कायम ठेवला. प्रत्येक वहीवर शिक्षकाने एकच प्रश्न लिहून ती परत करायची आणि तो प्रश्न त्या मुलाच्याच निवडलेल्या प्रसंगातून आलेला असावा. या कामाला वेळ लागतो, पण उजव्या पानावर विचार केलेल्या मुलाला ‘छान’ एवढा शेरा देऊन चालणार नाही. गप्प राहिलेल्या माणसाच्या प्रश्नाला सर्वाधिक उत्तरे आपट्यांच्या वाचकांकडून आली. त्यातील एका उत्तरात मोगल पहाऱ्यावरील शिपायाचा विचार केला होता. त्याचे घर कुठे असेल आणि तो या डोंगरावर कसा आला असेल, असे त्या मुलाने विचारले आहे.

पुढील वर्षासाठी दोन कामे हाती घ्यायची आहेत. सहावीला प्राचीन भारताचा अभ्यास असतो आणि त्या काळावर, त्या वयासाठी, आटोपशीर मराठी कादंबरी मिळणे कठीण आहे. मिळाली नाही तर अशोकाचा एखादा शिलालेख देऊन मुलांकडूनच प्रसंग लिहून घ्यावेत. दुसरे काम साधनांच्या उताऱ्यांचे. या वर्षी ते फक्त सिंहगडासाठी नीट तयार झाले. माधवराव पेशव्यांच्या काळातील पत्रे निवडून, त्यांतील अवघड शब्दांचे अर्थ देऊन, डिसेंबरपर्यंत ती छपाईला द्यायची आहेत. ग्रंथपालांनी पत्रांची निवड सुरू केली आहे.